फोटोला सावली हवी

तुमच्या फोनमध्ये या घडीला किती फोटो असतील? दोन हजार? दहा हजार? सकाळी आलेला ‘शुभ प्रभात’चा गुलाब आणि आजीचा जुना फोटो, बोटाने सरकवताना दोघांनाही सारखाच अर्धा सेकंद मिळतो. मी डिजिटल स्क्रॅपबुक करू लागले ते हेच खटकलं म्हणून.

आमच्या घराण्यात आजीचा एकच फोटो उरलाय. पोस्टकार्डाएवढा, एक कोपरा दुमडलेला. तो इंदूरला काकांकडे असतो. आत्या बडोद्याला, आम्ही बंगळूरला. मूळ फोटो एकाच घरात राहणार, हे सगळ्यांना मान्य आहे. त्याचा स्कॅन कुटुंबाच्या ग्रुपवर आला, सगळ्यांनी हात जोडले आणि तासाभरात तो इतर मेसेजांखाली गेला. आत्या म्हणाली, “अगं, फोटो मिळाला, पण हातात घेतल्यासारखा वाटत नाही.”

वस्तू हातात घेतल्यासारखी का वाटते? बऱ्याच अंशी तिच्या सावलीमुळे. एक प्रयोग करून बघा. खिडकीजवळच्या टेबलावर एखादी पत्रिका ठेवा. कडेला अगदी बारीक, गडद सावली दिसेल. आता पत्रिका चार बोटं वर उचला. सावली लांब सरकते, फिकी होते, तिच्या कडा विरघळतात. आपला डोळा लहानपणापासून हे वाचत आलाय. स्क्रॅपबुकच्या पानावर खोली आणायची म्हणजे हेच डोळ्याला सांगायचं.

गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये ‘ड्रॉप शॅडो’ असतेच. तिथे मुख्यतः तीन गोष्टी ठरवायच्या: अंतर, धूसरपणा आणि गडदपणा. बारा इंची चौरस पान छपाईसाठी ३०० डीपीआयवर केलं, तर ते ३६०० पिक्सेल रुंद होतं. अशा पानावर नुसता चिकटवलेला फोटो असेल तर मी अंतर ८-१० पिक्सेल ठेवते, धूसरपणाही तेवढाच. जाड लाकडी फ्रेम असेल तर दोन्ही ३०-४० पर्यंत नेते. अंतर वाढलं की गडदपणा कमी करायचा, हे विसरू नका. सावलीचा रंगही ठार काळा नको. खालच्या कागदाचाच गडद रंग घ्या, तपकिरी कागदावर गडद तपकिरी, आणि ‘मल्टिप्लाय’ मोड लावा. मग कागदाचा पोत सावलीतूनही दिसत राहतो.

फ्रेमची खरी गंमत थरांमध्ये आहे. सगळ्यांत खाली कागद, त्यावर फोटो, त्यावर मधून पोकळ फ्रेम. सावली फ्रेमच्या थराला द्या. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरलं, तर सावली बाहेर उजवीकडे आणि खाली पडेल. आत मात्र ती फोटोच्या डाव्या आणि वरच्या कडेवर पडेल. या आतल्या सावलीमुळेच फोटो फ्रेमच्या मागे बसल्यासारखा दिसतो. फ्रेम तिरकी करायची असेल तर आधी फिरवा, मग सावली द्या. सावलीसकट सपाट केलेलं चित्र फिरवलं तर सावलीही फिरते आणि त्या एकाच फ्रेमवर वेगळा सूर्य उगवतो.

फ्रेमवाल्याकडे फोटोभोवती जाड पुठ्ठ्याचं माउंट लावतात, ते आठवतं? त्याची आतली कड तिरकी कापलेली असते. तेही करता येतं. आतल्या कडेने पांढुरकी बारीक पट्टी काढा. उजेड डावीकडून वरून असेल तर वरची आणि डावी पट्टी किंचित काळसर, खालची आणि उजवी उजळ ठेवा. उलट केलंत तर खोलगट खिडकीऐवजी फुगलेली चौकट दिसेल.

पण उजेड कुठून येतो, हे ठरवायचं कोणी? माझं उत्तर: फोटोने. आजी ओसरीवर बसली आहे आणि तिचा उजेडातला गाल आपल्या उजव्या हाताला आहे. म्हणून त्या पानावरचा सगळा उजेड मी उजवीकडून घेतला. दुमडलेला कोपरा तसाच राहू दिला. तिथली सावली वेगळ्या थरावर घेऊन टोकाशी थोडी बाहेर ओढली, की कोपरा खरोखर उचललेला वाटतो.

आणखी एक. पानावरच्या सगळ्याच फ्रेम उचलल्या तर एकही उठून दिसत नाही. कुणाला वर आणायचं आणि कुणाला खोल ठेवायचं, हे ठरवावंच लागतं. आजीला मी माउंटच्या आत, सगळ्यांत खोल ठेवलं. नातवंडांचे फोटो भोवती जेमतेम सावलीने चिकटवले. नजर आपोआप आत, तिच्याकडे जाते. पान तिन्ही घरी छापून लावायचं ठरलं, म्हणून ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, नाहीतर त्या नाजूक सावल्या आधी पुसट होतात.

तुमच्याकडेही असा एखादा एकुलता एक फोटो असेल. आज तो मोठा करून बघा आणि नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे, ते शोधा. त्या दिवशी सूर्य कुठे होता, ते कळेल. फ्रेम तिथूनच सुरू करा.