इंधनाचा काटा

ज्या मुलखात भोसरीच्या लहानशा शेडमध्येही मायक्रोमीटरवाचून काम पुढे सरकत नाही, त्या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कितीतरी जुन्या मोटारींचा इंधनाचा काटा खुशाल असत्य बोलतो, आणि तरीही त्यांचे मालक पहिल्या पाळीला वक्तशीर हजर होतात, हे मी गॅरेजच्या धंद्यात पडल्यापासून कौतुकाने पाहत आलो आहे.

यंत्रणा तशी साधीच. टाकीतील फ्लोट आपल्या दांडीने विद्युत्-रोधाच्या पट्टीवर एक स्पर्शबिंदू सरकवितो आणि त्या रोधाप्रमाणे डॅशबोर्डवरील काटा हलतो. परंतु पट्टी झिजते, फ्लोटला सूक्ष्म छिद्र पडून तो पेट्रोल पितो आणि बुडतो, गंजलेले अर्थिंग रोधात स्वतःची भर घालते. नवशिका वायरमन प्रथम मीटर बदलावयास सांगतो. तो खर्च बहुधा व्यर्थ जातो. जुन्या गाडीत टाकीतील या फ्लोट-पट्टीच्या जोडणीची, म्हणजे सेंडरची, तार सोडविली असता काटा एका टोकास आणि तीच क्षणभर सांगाड्याला टेकविली असता दुसऱ्या टोकास गेला, तर मीटर निर्दोष समजून टाकीकडे वळावे. (ही परीक्षा टाकीच्या तोंडाशी करू नये, ठिणगीला पेट्रोलची वाफ पुरे होते.)

जो काटा अर्ध्या टाकीला नेमाने पावच दाखवितो, त्याच्याशी जन्मभर निभावून नेता येते. रोज निराळी साक्ष देणाऱ्याची मात्र दुरुस्तीच करावी. आपला काटा कोणत्या जातीचा हे ताडण्यासाठी एक कोष्टक करावे: टाकी काठोकाठ न भरता पंपाची नळी आपोआप बंद होईतो भरावी, किलोमीटर टिपावे, काटा प्रत्येक खुणेवर आला की सपाट रस्त्यावर पुन्हा टिपावे, आणि पुढल्या भरणीत किती लिटर मावले ते शेजारी मांडावे. टाकी वेड्यावाकड्या आकाराची असल्याने काट्याचे अर्धे म्हणजे टाकीचे अर्धे नव्हे, हे या कोष्टकात लवकरच उमगते. आकुर्डीत १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या बजाज चेतकला सुरुवातीस काटाच नव्हता. स्वार स्कूटर हलवून कानोसा घेई आणि रिझर्व्हचा कॉक फिरविला की पंपाची वाट धरी. माझ्या मते तो बंदोबस्त अधिक प्रामाणिक होता.

अंतराचा हा हिशेब चाकणच्या तळेगाव चौकात मात्र कोलमडतो, कारण तेथे गाडी खोळंबलेली आणि इंजिन चालू, अशा अवस्थेत इंधन किलोमीटरांवर न जळता मिनिटांवर जळते. म्हणून नाशिक रस्त्याने जाणाऱ्याने मोशी ओलांडण्यापूर्वी पाव टाकी शिल्लक असल्याची खातरजमा करावी. डिझेलची टाकी कोरडी पडली तर नळ्यांत हवा शिरते आणि ती काढल्यावाचून इंजिन सुरू होत नाही; टाकीत पंप असलेल्या पेट्रोल गाडीत तो पंप पेट्रोलानेच थंड राहतो, तेव्हा तिलाही उपास मानवत नाही.

सारे कोष्टक शेवटी पंपावरील आकड्यावर उभे असते. तेव्हा काट्याला दोष देण्यापूर्वी पंपावर ठेवलेले ५ लिटरचे प्रमाणित माप मागवून आपल्या देखत एकदा भरून घ्यावे. तो ग्राहकाचा हक्क आहे.