धूळपाटीवरची अक्षरे

मराठी विकिपीडियावर नवख्या संपादकाने हात बसवण्यासाठी जे पान राखून ठेवले आहे, त्याचे नाव 'धूळपाटी' असे आहे. हे नाव ज्या कोणाला सुचले असेल त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ पसरून पोरे अक्षरे गिरवीत, पुसत, पुन्हा गिरवीत. कागद वाट्याला यायचा तो फार पुढे. आणि ज्यांना त्या ओसरीची पायरीही चढू दिली जात नसे, त्यांच्या वाट्याला ती धूळपाटीदेखील येत नसे. आमच्या वर्गातील बहुतेक मुले या दुसऱ्या लोकांची पतवंडे, खापरपतवंडे आहेत.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाची नोकरी 18 वर्षांची, दुसरीची 14. कला शाखेच्या द्वितीय वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. तो बहुधा झेरॉक्सच्या दुकानातच जन्माला येतो, स्पायरल घालून आमच्या टेबलावर येतो आणि तिथून माळ्यावर जातो. मधल्या काळात तो कोणी वाचलेला नसतो, हे कबूल करायला आता हरकत नाही. 2024च्या पावसाळ्यात आम्ही 23 मुलांना सांगितले की, या खेपेला वही नको. 'शाळा आणि विषमता' हा विषय धरून प्रत्येकाने मराठी विकिपीडियावरची एक नोंद सुधारावी किंवा नवी लिहावी. जगातील कोणीही ती वाचू शकेल आणि कोणीही खोडू शकेल.

विषमतेचा पहिला धडा मात्र आम्ही आखलेला नव्हता. संगणक प्रयोगशाळेत मुले खाती उघडू लागली. सहा खाती झाली आणि सातव्याला नकार आला. एका जोडणीवरून एका दिवसात सहांहून अधिक खाती उघडता येत नाहीत, हा उपद्रव रोखण्यासाठी केलेला नियम आम्हांला ठाऊक नव्हता. ज्यांच्या खिशात स्वतःचा मोबाइल आणि त्यात पुरेसा डेटा होता, त्यांनी जागच्या जागी खाती उघडली. ज्यांच्या घरी एकच मोबाइल होता आणि तो दिवसा भावाबरोबर कामावर जात होता, त्या मुली तिसऱ्या दिवशीपर्यंत थांबल्या. त्यांनी तक्रार केली नाही. रांगेत थांबण्याची सवय त्यांना आमच्यापेक्षा जास्त आहे.

असो. काम सुरू झाले आणि काही गोष्टी फार सुंदर घडल्या. दोघांनी हंटर आयोगाचा विषय घेतला. जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी या आयोगापुढे सादर केलेले निवेदन आमच्या अभ्यासक्रमात नेहमीच असते. शेतकऱ्याच्या कष्टांतून गोळा होणारा महसूल सरकार वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च करते, आणि प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, एवढे दोन मुद्दे मुले परीक्षेत लिहितात. पण मूळ इंग्रजी मजकूर उघडून पाहिलेली ही आमची पहिलीच जोडी. "सर, ते स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर म्हणवतात, महात्मा कुठंच नाही," असे त्यांतील एकाने जणू मोठी चोरी पकडल्याच्या सुरात सांगितले. वास्तविक महात्मा ही पदवी 1888 सालची. पण माणूस आपली साक्ष कोणत्या नात्याने देतो, हा प्रश्न त्या मुलाला पडला, आणि आमच्या 18 वर्षांच्या व्याख्यानांनी तो कोणाला पडला नव्हता.

आणखी दोघे शिक्षण हक्क कायद्याच्या नोंदीशी झटत होते. खाजगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांबाबत राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित शाळांना सूट दिली होती. त्यांनी ते लिहून काढले, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द ठरवली. दोघांनी वाक्य पुन्हा लिहिले. छापील पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या मुलांना ज्ञान असेही भूतकाळात जाते, याचे फार नवल वाटले.

तटस्थतेच्या नियमाचेही आम्हांला कौतुक वाटले होते, हे नमूद करायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांवर लिहिणाऱ्या मुलाने पहिल्या परिच्छेदात इतकी विशेषणे घातली की, 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली ही माहिती त्यांत शोधावी लागत होती. विशेषणे गळाली आणि माणूस दिसू लागला. जयंतीच्या भाषणांनी आपल्या गद्याचे जे नुकसान केले आहे, त्यावर हा उतारा वाईट नाही.

उतरवून काढण्याचा प्रश्न येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. 2011 साली पुण्यातील काही महाविद्यालयांत विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियासाठी असाच उपक्रम केला होता. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर इतका साचला की, तो त्याच वर्षी थांबवावा लागला. आमच्याकडेही सात नोंदी तशाच निघाल्या. आम्ही रागावलो. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, शाळेत फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलं की 'व्हेरी गुड' मिळायचं." तिच्या द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसत, गुरुजी एका इयत्तेला शिकवत तेव्हा उरलेल्या तिघी उतरवून घेत. बारा-तेरा वर्षे ज्याला अभ्यास म्हटले, त्यालाच आम्ही एका दुपारी चोरी ठरवले होते.

ज्या नोंदीसाठी हे लिहायला बसलो, ती साखरशाळेची. तिची लेखिका मूळ बीड जिल्ह्यातील. आई-वडील दर हंगामात आमच्या तालुक्यातील कारखान्यावर ऊसतोडीला येत. ती लहानपणी त्याच कारखान्यामागच्या साखरशाळेत तीन हंगाम बसली होती. आता येथेच मावशीकडे राहून शिकते. वर्गात ती फारशी बोलत नसे. धूळपाटीवर तिने जे लिहिले ते आम्ही घरच्या संगणकावर रात्री वाचले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल, पहाटे फडात जाणारी आई, कोपीत धाकट्याला सांभाळणारी सहा वर्षांची बहीण, दिवाळीनंतर गावच्या शाळेच्या हजेरीपटावर लागणारी लाल रेघ, आणि कारखान्यामागची पत्र्याची खोली, जिच्यात तीन जिल्ह्यांतील पोरे बसत आणि हंगाम संपला की जिचे कुलूप पुढच्या हंगामातच उघडे.

आम्ही ते सुधारले. 'कोपी' काढून 'तात्पुरता निवारा' केले, 'उचल'च्या जागी 'आगाऊ रक्कम' घातले. 'उचल फिटत नाही म्हणून आई-बाप येतात, आई-बाप येतात म्हणून पोरं येतात,' हे तिचे वाक्य आमच्या हातून 'हंगामी स्थलांतरामुळे मुलांचे शालेय शिक्षण खंडित होते' असे झाले. विश्वकोशाला शोभेल असे वाक्य. त्यात मुकादम नाही, कारखाना नाही. शिक्षण आपले आपणच खंडित होते, जसा पाऊस पडतो. तिने दुसऱ्या दिवशी एवढेच विचारले, "सर, कोपीला कोपी म्हणायचं नाही का?" मराठीच्या दोन पदव्युत्तर पदव्या टेबलाच्या या बाजूला बसल्या होत्या आणि दोहोंपाशी उत्तर नव्हते. आम्ही कोपी, कोयता, उचल हे शब्द परत घातले. उचलेचे वाक्य परत घालता आले नाही, कारण त्याला संदर्भ नव्हता.

मजकूर धूळपाटीवरून मुख्य पानावर गेला आणि दोन दिवसांत त्याच्या माथ्यावर 'पानकाढा' हा साचा लागला: संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता स्पष्ट नाही. ज्याने तो लावला त्याच्यावर आमचा राग नाही; उद्या कोणी आपल्या संस्थेची जाहिरात तेथे चिकटवली, तर हाच साचा कामी येणार आहे. मूळ संशोधन नको, प्रसिद्ध झालेला आधार हवा, हा नियम आम्हीच वर्गात तीनदा सांगितला होता. पण प्रसिद्ध काय होते, आणि कोणाचे?

आधार शोधायला आम्ही तिघे ग्रंथालयात बसलो. वर्तमानपत्रांतील काही बातम्या मिळाल्या आणि पान वाचले. कारखान्याची महोत्सवी स्मरणिकाही मिळाली, गुळगुळीत कागदाची. तिच्यात प्रत्येक हंगामाचे गाळप टनांत, उतारा दशांशात. संचालकांच्या मुलांनी जिथे शिक्षण घेतले त्या कारखान्याच्या माध्यमिक शाळेवर छायाचित्रांसह चार पाने. साखरशाळेवर अर्धे वाक्य. पटसंख्या नाही. तिने ती स्मरणिका दोनदा चाळली आणि म्हणाली, "मी तिथं होते, हे मला माहीत आहे. पण तसं लिहिता येत नाही ना?"

नाही, असे आम्ही सांगितले. त्यावेळी आम्हांला मुक्ता साळवे आठवली. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'ने छापला, म्हणून आज तिचा संदर्भ देता येतो, आमच्या दोन विद्यार्थ्यांनी दिलाही. तो छापला गेला नसता तर तिचे दुःखही 'मूळ संशोधन' ठरले असते. हे आम्ही तिला सांगितले खरे, पण सांगताना असे वाटले की, आपण पोट भरलेल्या माणसासारखे बोलत आहोत.

नोंद आज तेथे आहे, बारा-पंधरा ओळींची. धाकट्यांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण आहे. ती खूण दुसऱ्या कोणी लावलेली नाही, तिनेच लावली. वाक्य गाळण्यापेक्षा हे बरे, असे ती म्हणाली. पानाच्या 'इतिहास' या दुव्यावर जुन्या आवृत्त्या तशाच राहतात, त्यामुळे आमच्या दुरुस्त्याही तेथे तारीखवार टिकून आहेत.

नोव्हेंबरात गाळप सुरू झाले. एका शनिवारी ती मावशीचा मोबाइल घेऊन कारखान्यामागे गेली. साखरशाळा उघडली असेल तर हजेरीपटाची छायाचित्रे घेणार होती. अप्रकाशित कागदाचे छायाचित्र आधार म्हणून चालत नाही, हे आम्ही तिला आदल्या दिवशीच सांगितले होते. "माहीत आहे, मॅडम," असे म्हणून ती गेली.