वाढत्या अंगाची सायकल

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय होता. सायकल. पोरगी पाच वर्षांची झाली, शेजारच्या पोराला सायकल आली, आणि हिचं टुमणं सुरू झालं. आता पाच वर्षांच्या मुलीला सायकल घेण्यात एवढा काय विचार करायचा, असं तुम्ही म्हणाल. बायकोही तेच म्हणत होती. "मिरजेला जावा, गुलाबी रंगाची बघा, पुढं बास्केट असली म्हणजे झालं."

पण मला काही सुचत नव्हतं. कारण सांगतो, हसू नका. मला सायकल येत नाही.

कवठे महांकाळसारख्या गावात वाढलेल्या चाळिशीच्या माणसाला सायकल येत नाही हे सांगायला लाज वाटते. कॉलेजात होतो तेव्हा गुडघा दुखतो म्हणायचो. नोकरीला लागल्यावर कुणी विचारलंच नाही. एसटी, वडाप, आणि आता एक जुनी चारचाकी, यावर आयुष्य निघालं. दुचाकी म्हणून चालवली नाही.

ह्याचं मूळ १९९३ सालात आहे. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या अण्णांनी मिरजेच्या बाजारातून एक जुनी सायकल आणली, आपल्या छोट्या गाडीच्या डब्यात घालून. (आता मिरज-पंढरपूर ब्रॉडगेज आहे, पण तेव्हा ती अडीच फुटी रुळांवरची नॅरोगेज होती. म्हातारी माणसं तिला बार्शी लाइटच म्हणायची.) स्टेशनवरून अण्णा ती हातात धरून चालत घरी आले. काळी, बावीस इंची, मधे आडवी दांडी, मागं लोखंडी कॅरिअर. माझं डोकं हँडलच्या थोडंसंच वर जात होतं. आई म्हणाली, "आवो, केवढी ही!" अण्णा म्हणाले, "वाढत्या अंगाचं पोरगं हाय. पुरंल."

वाढत्या अंगाचं हा शब्द आमच्याकडच्या प्रत्येक मुलाच्या अंगावर पडलेला असतो. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा, चप्पल वाढत्या पायाची, पुढं कापूस कोंबून घालायची. शर्ट ढगळ असला तर पोरं हसतात, एवढंच. सायकल ढगळ असली तर काय होतं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत होतो, उतारावर गती आली, ब्रेकपर्यंत बोटं पोचेनात आणि पाय जमिनीला लागेनात. उजव्या कोपराचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. नंतर मी त्या सायकलला हात लावला नाही, आणि अण्णांनीही कधी "बस" म्हटलं नाही. आमच्यात त्या विषयावर बोलणंच बंद झालं. ते बंद राहिलं तीस वर्षांच्या वर!

असो. तर मी अभ्यासाला लागलो. ज्याला पोहता येत नाही तो जसा पोहण्याची पुस्तकं वाचतो, तसा.

पहिली गोष्ट कळली ती ही, की लहान मुलांच्या सायकली चाकाच्या मापावर विकल्या जातात. बारा, चौदा, सोळा, वीस इंची. आणि खोक्यावर वय छापलेलं असतं. ते वय विसरून जायचं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे पण चणीनं बारीक, तिच्याच वर्गातली एक मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच. माप घ्यायचं ते पायाचं. मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचं, दोन पायांच्या मधे एक पुठ्ठ्याचं पुस्तक वर सरकवायचं, नीट टेकलं की पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. आमच्या बाईसाहेबांचं निघालं ४६ सेंटीमीटर. पहिल्या सायकलची सीट सगळ्यात खाली केल्यावर ह्या आकड्याच्या वर जायला नको. म्हणजे सीटवर बसून दोन्ही पाय पूर्ण, टाचेसकट, जमिनीवर. चवड्यांवर तोललेलं चालणार नाही. मोठ्यांची सायकल अशी खाली बसून चालवली तर गुडघे दुखतील हे खरं, पण ज्याला तोल शिकायचा आहे त्याला पाय टेकता येणं हाच खरा ब्रेक.

तो आकडा आणि एक टेप खिशात घालून मी मिरज आणि सांगली मिळून चार दुकानं पालथी घातली. बरोबर एक लटकता वजनकाटाही नेला होता, भंगारवाल्यांकडे असतो तसला. दुकानदारांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते लिहीत नाही.

पण काट्यानं डोळे उघडले. सगळ्यांनी आधी दाखवली ती सोळा इंची. जाड लोखंडी सांगाडा, पुढं बास्केट, मागं कॅरिअर, दोन्ही बाजूंना आधाराची चाकं, आणि काहींना तर मधे स्प्रिंगचं सस्पेन्शन! भरली साडेदहा किलो. माझी मुलगी सोळा किलोची. हा हिशेब मला लावला तर मी पासष्ट किलोचा, म्हणजे मला बेचाळीस किलोची सायकल दिल्यासारखं झालं. आपला तो दूधवाल्याचा काळा घोडासुद्धा वीस-बावीस किलोच्या आसपास असतो, आणि तो चढावर ढकलताना मोठ्या माणसाचा जीव जातो. स्प्रिंगचं तर मला कोडंच उलगडलं नाही. सोळा किलोच्या पोरीच्या वजनानं ती दबतसुद्धा नव्हती. वजन मात्र वाढवत होती.

एका दुकानात (नाव सांगत नाही) गंमत झाली. सायकल छान दिसत होती, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं की पुढचा चिमटा उलटा बसवलाय. चिमट्याचा बाक पुढच्या बाजूला पाहिजे, तो मागं होता, आणि पुढचा ब्रेक आतल्या बाजूला गेलेला. ह्या सायकली कारखान्यातून खोक्यात अर्धवट सुट्या येतात, हँडल, पेडल, पुढचं चाक दुकानात बसवतात. दिवाळीच्या गर्दीत एखादा नवा पोऱ्या बसवतो आणि गिऱ्हाईक रंग बघून घेऊन जातं. मी सांगितलं तर दुकानदार म्हणाला, "लहान मुलांच्यात असंच असतंय." मी बाहेर पडलो. सायकल न येणाऱ्या माणसाला जे दिसलं ते... जाऊ दे.

मग मी प्रत्येक दुकानात तीन गोष्टी करायला लागलो. एक, सायकल उचलून चाक हातानं फिरवायचं. छर्रे असलेलं चाक बराच वेळ गुपचूप फिरत राहतं. स्वस्तातल्यांत छर्ऱ्यांच्या जागी नुसता प्लॅस्टिकचा बुश असतो, ते चाक दोन फेऱ्यांत खरखरत थांबतं. फिरताना आऊट आहे का तेही दिसतं. दुसरं, पोरीला ब्रेक दाबायला लावायचा. ब्रेक असणं वेगळं आणि तिच्या बोटांना तो पोचणं वेगळं. ह्याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नव्हतो. चांगल्या सायकलीत लिव्हरजवळ एक बारका स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येतं. तिसरं, चेन पूर्ण झाकलेली पाहिजे. आमच्याकडे फ्रॉक आहेत.

टायरवर मात्र मी अडकलो. हल्ली हवा न लागणारे टायर येतात, भरीव. आमच्या तालुक्यात रस्त्याकडेला उन्हाळ्यात सराटे आणि बाभळीचे काटे काय असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. भरीव टायर म्हणजे पंक्चरची कटकट नाही. पण ते दगडासारखे, हादरा थेट हाताला, आणि डांबरीवरसुद्धा जड ओढतात. वाचताना एक गोष्ट सापडली. हवेच्या टायरचं पेटंट १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं घेतलं, हे शाळेत कुठंतरी वाचलं होतं. पण त्यानं तो पहिल्यांदा बनवला होता तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी! म्हणजे जगातल्या सगळ्या मोटारी, ट्रॅक्टर, एसट्या ज्या हवेवर चालतात, ती हवा एका पोराचे हादरे कमी व्हावेत म्हणून भरली गेली. हे वाचल्यावर मी भरीव टायर घेणं शक्यच नव्हतं.

शेवटी घेतली ती चौदा इंची. साधी, स्प्रिंग नाही, कॅरिअर नाही, हवेचे टायर. आधाराची चाकं दुकानातच काढायला लावली. वजन सात किलो नऊशे ग्रॅम. रंग निळा, कारण गुलाबीत ती येत नव्हती. ह्यावर घरी दोन दिवस असहकार झाला.

आणि अण्णा. पंच्याहत्तरीचे अण्णा ओट्यावर बसून सायकलकडे बघत म्हणाले, "आरं, ही वर्षा-दोन वर्षात बारकी पडंल की. सोळाची तरी घ्यायची. वाढत्या अंगाची पोरगी हाय."

मी इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते माझ्या तोंडून निघून गेलं. "अण्णा, मला बी वाढत्या अंगाचीच घेतली हुती की."

बोललो आणि वाटलं, उगाच बोललो. ते बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ती तुझी नव्हतीच. मळ्यावर जायला रोज सहा किलोमीटर चालत हुतो. माझ्यासाठी सायकल आणली म्हटलं असतं तर तुझी आई म्हणाली असती, आधी घरावर पत्रा टाका. पोरासाठी म्हटलं की कोण काय बोलत न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "उंच हुती. मला दिसत हुतं."

मी आजवर समजत होतो की अण्णांना मुलांचं माप कळत नव्हतं. त्यांना ते चांगलं कळत होतं. फक्त एका माणसाला पुरेल अशी सायकल आमच्या घरात येऊच शकत नव्हती. दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरी, तालुक्याला म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधीचे ते दिवस. सायकल म्हणजे आधी बापाचे पाय, मग डबा, मग खताचं पोतं, आणि उरलं तर पोराचं खेळणं. माझ्या पडण्यानंतर ते ह्याच सायकलवरून अकरा वर्षं मळ्यावर गेले. रोज सकाळी ती बाहेर काढताना त्यांना काय वाटत असेल, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अण्णा पाना घेऊन सायकलपाशी. मी वाचलेलं त्यांना सांगितलं होतं, की आधी पेडल काढून ठेवायचे आणि मुलाला नुसतं पायानं ढकलत चालवू द्यायचं. आधाराच्या चाकांवर मूल पेडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही, कारण ती चाकं असताना सायकल कलतच नाही. तोल म्हणजे ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला हँडल हलकं वळवणं, ते अंगात मुरावं लागतं. सायकलसुद्धा अशीच जन्मली. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल द्राइसनं जी पहिली दुचाकी काढली तिला पेडल नव्हतेच, लोक पायानं ढकलत पळायचे. पेडल आले ते चाळीस-पन्नास वर्षांनी.

अण्णांचा उजवा पेडल निघाला होता आणि डाव्याशी झटापट चालली होती. मला अभ्यासाचा एकदाच उपयोग झाला. "अण्णा, डाव्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा." चालवताना पेडल आपोआप सुटू नये म्हणून तसं असतं. अण्णा म्हणाले, "म्हायती हाय मला. गंजलाय का बघत हुतो." नव्या सायकलचा पेडल!

शेजाऱ्यांच्या बेदाण्याच्या शेडपुढं मोठा कोबा आहे. बेदाण्याचा हंगाम नसला की तिथं फक्त कुत्री झोपतात. तिथं ती आठ दिवस पाय मारत फिरली, डोक्यावर हेल्मेट, जे तिला सायकलपेक्षा जास्त आवडलं कारण ते गुलाबी आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी पाय वर उचलून दहा-बारा फूट घसरत जायला लागली. नवव्या दिवशी अण्णांनी पेडल लावले. मी मागून पळायला तयार होतो, सीट धरून. तिनं धरूच दिलं नाही.

एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही मोठी सायकल चालवून दाखवा." गुडघ्याचं कारण जिभेवर आलं होतं. अण्णा समोर उभे होते. मी म्हटलं, "मला येत नाही बाळा." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग तुमचे पण पेडल काढायचे," म्हणाली आणि गेली.

आतापर्यंत तीन पंक्चर झाले. तिन्ही सराट्याचे. अण्णा घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवतात, बुडबुडे कुठून येतात ते तिला शोधायला लावतात, आणि सोल्यूशन लावून फुंकर मारायचं काम तिच्याकडे असतं. दर महिन्याला तिला भिंतीला उभं करून पुस्तक सरकवतो आणि सीट तेवढी वर घेतो. सीटच्या नळीवर कंपनीनं एक रेघ कोरलेली असते, त्याच्या वर सीट काढायची नाही. अण्णांनी परवा बोटं लावून मोजलं. रेघेला अजून चार बोटं आहेत. त्यानंतर सायकल ढालगावला बहिणीच्या मुलाकडे जायची असं ठरलंय, तो आता दोन वर्षांचा आहे.