पांढरं कापड

"आई, तू लग्नाआधी काय करायचीस?" माझ्या मुलीनं एकदा विचारलं. ती जन्मली, वाढली इथेच कुवेतमध्ये. मी म्हटलं, "जंगलात पांढरं कापड ओढायचे." तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी पुण्यात एका संशोधन प्रकल्पावर होते. विषय होता गोचिडींमुळे पसरणारे रोग. काठीला बांधलेलं पांढरं कापड पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. जनावर जवळून गेल्यासारखं वाटून गोचिडी त्याला चिकटतात. थोड्या अंतरावर थांबायचं, कापड उलटायचं, चिमट्यानं एकेक गोचीड उचलून बाटलीत टाकायची आणि वर जागा-तारीख लिहायची. मग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची, वाढीची अवस्था पाहायची आणि गट पाडून विषाणूच्या तपासणीला द्यायच्या. माणसाला चावते ती बहुधा अर्धवट वाढलेली, खसखशीच्या दाण्याएवढी. चावल्याचं कळतही नाही. बाबा फोनवर हसायचे, "एवढां शिकलंस आणि गोचिडी मोजतंस?"

पुण्यात हे काम जुनं आहे. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशननं तिथे व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. तीच आजची एनआयव्ही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. आफ्रिकेतला पीतज्वर भारतात आला की काय, अशी आधी भीती होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला तो मात्र नवाच विषाणू, गोचिडींतून पसरणारा. त्याला त्या जंगलाचंच नाव मिळालं. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. या आजारावर काम केलेल्या डॉ. खुर्शीद पावरी पुढे एनआयव्हीच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या चांदीपुऱ्याच्या नावाचा विषाणू सापडला, १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. प्रत्येक वेळी कुणीतरी डास, वाळूमाशा नाहीतर गोचिडी वेचत बसलेलं होतं.

लग्नानंतर मी जाब्रियाला आले. इथे रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासण्या करणाऱ्या लॅबमध्ये लागले. गोचिडी मागे राहिल्या.

पण त्या आमच्या गावाकडे सरकत होत्या. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात माकडताप आला. २०१६ साली दोडामार्गात केर गावी. आमचं गाव बांद्याजवळ, मधे डोंगरच काय तो. मी बातम्या वाचत होते.

जानेवारी २०१७ मध्ये बाबा फोनवर सहज म्हणाले, "बागेत एक माकड मेलां हा. वास मारी होतां, पुरून टाकलंय." त्या दिवशी मुलीच्या शाळेत चाचणी होती, कुकरची शिटी होत होती. मी "बरं" म्हटलं आणि काजूला मोहर कसा आलाय ते विचारलं.

मला माहीत होतं. माकड मेलं, अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून तिथल्याच पाचोळ्यात पसरतात. ती जागा पुढे बरेच दिवस धोक्याची असते. हंगामही तोच, डिसेंबर ते मे. हे सगळं मी पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं, कापडावर पाहिलेलं. आणि मी मोहराचं विचारलं.

फेब्रुवारीत बाबांना ताप आला. "ताप इलो तसो जातलो," ते म्हणाले. डोकं फुटेल असं दुखत होतं, पण काजू वेचायचे राहिलेत याचीच चिंता. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा भाऊ त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. मी फोनवर डॉक्टरांना आधी मेलेल्या माकडाचं सांगितलं. रक्त तपासलं, माकडतापच निघाला. त्यावर नेमकं औषध नाही. सलाईन लावायचं, रक्तस्रावावर लक्ष ठेवायचं, वाट पाहायची. शंभरात तीन ते पाच माणसं दगावतात. ते आकडेही मला पाठ होते. त्या रात्री मी फोन हातात धरून बसून असे. जाब्रियात एवढी मोठी रुग्णालयं, वैद्यकीय विद्याशाखासुद्धा इथलीच, आणि माझे बाबा समुद्रापार.

बाबा वाचले. पुन्हा बागेत चढून जायला त्यांना दोन महिने लागले. त्याच बागेत पातेरा गोळा करायला येणाऱ्या शेजारच्या काकी मात्र दवाखान्यातून घरी आल्या नाहीत. त्या फोनबद्दल मी त्यांच्या घरी कधी बोलले नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

आपल्यापैकी अनेक जण डिसेंबरच्या सुट्टीत गावी जातील म्हणून लिहितेय. माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. रानात जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीडरोधक तेल हातापायांना लावा. परत आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा, मुलांच्या काखा आणि गुडघ्यांमागची जागा नीट बघा. ताप आला तर डॉक्टरांना सांगा की रानात गेलो होतो. आणि इथल्या मुलांनो, वाळवंटातल्या कॅम्पवर उंट-मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडींशी खेळू नका. त्यांच्यातून पसरणारा क्रिमियन-काँगो ताप शेजारच्या इराकमध्ये १९७९ पासून माहीत आहे, २०२२ साली तिथे मोठी साथ आली. तोच ताप २०११ मध्ये गुजरातेत निघाला, तोही पुण्यातच ओळखला गेला.

आता दर शुक्रवारी आमच्या घरून गावी फोन जातो. मुलगी आधी फोन हिसकावून घेते आणि विचारते, "आजोबा, कुठलं माकड मेलं नाही ना?"

"नाय गो बाय," बाबा म्हणतात, "सगळी जिती आसत. काजू खातत."

मग मी मोहराचं विचारते.