बाहेरगावची वही

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात तीन जाड वह्या पुठ्ठा घालून ठेवलेल्या आहेत. एक स्नानसंस्काराची, दुसरी विवाहाची आणि तिसरी मृत्यूची. या नोंदी ठेवणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाला बंधनकारक आहे आणि माझ्या आधीच्या धर्मगुरूंनी त्या मोठ्या निगुतीने ठेवल्या आहेत. माणूस जन्मला, लग्नाला उभा राहिला, मेला, की त्याचे नाव शाईने लिहिले जाते. मात्र तो पोटासाठी गाव सोडून गेला तर ते लिहायला कपाटात वही नव्हती. सव्वीस वर्षांच्या पौरोहित्यात ही उणीव मला कधी जाणवली नाही, हे लिहिताना आज संकोच वाटतो.

बुलढाणा जिल्ह्याची विभागणी आम्ही घाटावरचा आणि घाटाखालचा अशी करतो. आमचे छोटे धर्मग्राम घाटाखाली, कापसाच्या काळ्या रानात आहे. जलंबहून खामगावला जाणारा तेरा-एक किलोमीटरचा लोहमार्ग १८७० साली झाला, तो येथला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसाची आठवण झाली होती. युद्ध संपले आणि भाव उतरले. तेव्हापासून येथल्या शेतकऱ्याचे नशीब कुठल्या तरी दूरच्या बाजारात ठरत आले आहे. सोयाबीनचेच पाहा ना! २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याने क्विंटलला दहा हजारांचा आकडा पाहिला आणि २०२४ च्या हंगामात ४८९२ रुपयांच्या हमीभावाखाली ते विकावे लागले. अशा शेतीत दोन भाऊ असले की एकाने बाहेर पडायचे, हे घरोघरी न बोलता ठरलेले असते.

ज्या मुलाविषयी मी लिहितो आहे त्याचे नाव येथे देत नाही. तो आयटीआय झालेला फिटर. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमच्या जिल्ह्यातील तालुकेही होते. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन त्या वर्षी बियाण्याचा खर्चही देऊ शकली नाही. जून २०१९ मध्ये तो चाकणला जायला निघाला आणि आईसोबत माझ्याकडे पत्र मागण्यासाठी आला.

असे पत्र देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पत्र घेऊन येणारा तरुण आमच्या धर्मग्रामातील आहे, सुस्वभावी आहे, त्यास शक्य ते साहाय्य करावे, खाली सही आणि शिक्का. माझा या पत्रावर फार विश्वास, कारण माझे वडील असेच एक पत्र घेऊन १९७२ च्या दुष्काळात पुण्याला गेले होते. आमचे मूळ गाव घोगरगाव परिसरातील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फादर गुरियन जाकियर या फ्रेंच मिशनऱ्यांनी जेथे श्रद्धेचे बी पेरले, तोच हा भाग. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. वडिलांना पुण्यात काम मिळाले आणि आम्ही जगलो. नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत असताना ही कथा मी कितीदा तरी सांगितली असेल, आणि दरवेळी तिचा नायक ते पत्र असे.

मी मुलाला चिंचवडच्या धर्मगुरूंच्या नावे पत्र दिले, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि माझे कर्तव्य संपले असे समजलो.

तो गेला तो काळ नेमका मंदीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आधीच्या वर्षाच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. मोटारी खपेनात म्हणून कारखाने मधूनमधून काही दिवस बंद राहू लागले. आणि कारखाना बंद राहिला की पहिली गदा येते ती ठेकेदाराच्या माणसांवर. कायम कामगाराला निदान युनियन असते. याचे महिन्यातील पंधरा दिवस भरत, कधी तेवढेही नाही. सहा जणांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहायचे, खाणावळीचे पैसे थकवायचे आणि आईला फोनवर ‘बरं चाललंय’ म्हणायचे. हे सारे मला पुढे कळले. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की तो मिस्साला जात नाही. चिंचवडच्या फादरांना सहज विचारले होते, तर अशा नावाचा कोणी आलेला नाही, असे ते म्हणाले. त्यानंतरच्या एका रविवारी मी प्रवचनात बोलून गेलो की शहराचे वारे लागले की आपल्या मुलांना देऊळ परके होते. त्याची आई नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली. मला वाटले, शब्द लागू पडले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मे महिन्यात तो परतला, काही वाट पायी, काही भाजीच्या टेंपोत, काही ट्रकच्या टपावर. नगर, औरंगाबाद, जालना, देऊळगावराजा, चिखली असा मार्ग. ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी त्याचा ट्रक करमाडवरून पुढे आला. ट्रकमध्ये कोणी एक शब्द बोलले नाही, असे त्याने मला सांगितले.

गावच्या शाळेत चौदा दिवस काढून तो कचेरीत आला आणि त्याने पाकिटातून माझे पत्र काढून टेबलावर ठेवले. घामाने त्याच्या घड्या विरल्या होत्या, पण पाकीट फोडलेले नव्हते.

“फादर, द्याले जमलंच नाही,” तो म्हणाला. “सुट्टी गुरुवारी राहे. रविवारी बारा तासांची पाळी. दोन बस बदलून जाऊन येईपर्यंत हजेरी जाते.”

गुरुवारी! सेमिनरीत आम्ही परमेश्वरविषयक ज्ञानाचे ग्रंथ अभ्यासले, बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांच्या आध्यात्मिक सेवेसाठी काढलेला ‘एक्सुल फामिलिया’ हा दस्तऐवजही वाचला. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असू शकते, एवढी साधी गोष्ट मात्र मला माहीत नव्हती, आणि त्या अज्ञानाच्या बळावर मी एका आईला भर देवळात मान खाली घालायला लावली होती. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिने चहा केला आणि पावसाविषयी बोलत राहिली. क्षमा मागण्याचे शब्द मला फार उशिरा, निघताना उंबऱ्यात सुचले. ती म्हणाली, “जाऊ द्या फादर, तुमाले कसं माईत राहीन?”

काम पुन्हा सुरू झाले तेव्हा तो पुन्हा गेला. जावेच लागले. या खेपेला पत्र त्याने मागितले नाही आणि मीही दिले नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला होता. पेरणीसाठी आलेला तो महिनाअखेरीस परत निघाला. १ जुलैला सकाळी सहाच्या आधीच कचेरीतला फोन वाजला. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुटा येथे, नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस मध्यरात्रीनंतर उलटून पेटली होती. तेहतीस जणांपैकी पंचवीस जळून मेले. नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला निघालेले कितीतरी तरुण त्यांत होते. फोनवर त्याची आई. “फादर, मेहकरवरून बसतो म्हने पोरगा. फोन लागत नाही. त्याले कुठी शोधू मी?”

मी वही-कागद घेऊन बसलो आणि काय लिहावे ते कळेना. त्याच्या खोलीचा पत्ता माझ्यापाशी नव्हता, घरमालकाचा नंबर नव्हता, ठेकेदाराचे नाव नव्हते, सोबत राहणाऱ्या एकाही मुलाची ओळख नव्हती. त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख, धर्ममातापित्यांची नावे, दृढीकरणाचे वर्ष, हे सारे दोन मिनिटांत सापडले असते. चार तास मी ओळखीच्या-अनोळखीच्या लोकांना फोन करत होतो. दहानंतर त्याचाच फोन आईला आला. तो दुसऱ्या गाडीने पोहोचून खोलीवर झोपला होता, फोनची बॅटरी संपली होती. एवढेच.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात चोवीस जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले. देह ओळखू येत नव्हते. ज्या आयांना दहा वाजता फोन आला नाही त्यांच्याविषयी मी काय लिहू?

त्याच आठवड्यात गावी जाऊन मी माझ्या वृद्ध आईला वडिलांच्या पत्राविषयी विचारले. ती हसली. म्हणाली, “पत्राचं काय रे! स्टेशनाबाहेर आपल्या गावचे दोघं हमाली करत होते. यांनी रात्री त्यांच्याच खोपटात अंग टाकलं. पत्र चार महिन्यांनी दिलं.” पन्नास वर्षे जपलेला माझा नायक असा हमालांच्या खोपटात हरवला. रूथच्या पुस्तकातले कुटुंब दुष्काळामुळे बेथलेहेम सोडते, आणि बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर! त्यांना मवाबात पहिल्या रात्री कोणी आसरा दिला, याविषयी पवित्र लेखक काहीच सांगत नाही. मला हल्ली तेवढेच जाणून घ्यावेसे वाटते.

पुढच्या रविवारी मी चौथी वही घातली. नाव, गाव, कोणत्या शहरी, कोणासोबत, घरमालक, ठेकेदार, रक्तगट, सुट्टीचा वार. मुखपृष्ठावर ‘गेलेल्यांची वही’ असे लिहिले होते. त्याच्या आईने ते वाचले मात्र, तिने पेन मागितला. “गेलेले मनू नोका फादर. बाहेरगावची म्हना.” मी नवे लेबल चिकटवले.

चिंचवडच्या फादरांना गुरुवारविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “सुट्टीचे ठाऊक होते, पण तुमची मुले इकडे आहेत हे कुणी कळवलेच नव्हते.” भोसरीत मूळचे नगर जिल्ह्यातील एक कुटुंब आहे, आता आमची चार मुले गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जेवतात. याहून मोठे काही घडले, असे म्हणवत नाही. पगार तेवढाच आहे, ठेकाही तसाच.

वहीत सध्या त्रेचाळीस नावे आहेत. चाकण, रांजणगाव, वाळूज, सुरत, एक मस्कतला. गेल्या रविवारी मिस्सानंतर एक मुलगी आली. नर्सिंग झाले आहे, पुण्यात एका ठिकाणी बोलावणे आहे, राहण्याचे अजून ठरलेले नाही. “खोली मिळाली की फोनवर पत्ता सांगते, फादर.” मी तिचे नाव शाईने लिहिले आणि पुढच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली. आज गुरुवार. अजून फोन आलेला नाही. रात्री जेवणानंतर मीच करीन.