जोगेंद्रनाथ मंडल यांचं मंत्रिपद : फिरत्या मेसेजच्या पलीकडे

निवडणूक जवळ आली की आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. जोगेंद्रनाथ मंडल मुस्लिम लीगसोबत गेले, त्यांचं पुढे काय झालं बघा आणि आता तरी शहाणे व्हा, अशा आशयाचा. गेल्या महिन्यात आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका पोराने तो वाचून दाखवला आणि विचारलं, "दादा, हे खरं आहे का?" 'खोटं आहे' म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण ते पूर्ण खोटं नाही, आणि अडचण तिथेच आहे.

आधी आपल्या घरातला कचरा काढू. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं म्हणून काँग्रेसने सूड घेतला आणि जेसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर हे चार जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले, हे आम्हीही कॉलेजात असताना १४ एप्रिलच्या भाषणात ठोकून सांगायचो. टाळ्या पडायच्या. एमएला संविधान सभेची निवडणूक कशी झाली ते वाचलं आणि तोंड बंद झालं. त्या सभेला जिल्ह्यांचे मतदारसंघच नव्हते. प्रांतिक विधानसभेतले आमदार सभासद निवडत होते. मुंबईच्या विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकही आमदार नव्हता. बंगालमध्ये फक्त एक होता, जोगेंद्रनाथ मंडल. या एका माणसाने इतर पक्षांतले आणि काँग्रेसमधलेही काही अनुसूचित जातीचे आमदार वळवले आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. एवढी मोठी गोष्ट घडली असताना तिला सूडकथेची फोडणी कशाला हवी होती?

मंडल १९०४ साली बारिसाल जिल्ह्यात नमःशूद्र शेतकऱ्याच्या घरी जन्मले. १९३७ साली ते बंगाल विधानसभेत निवडून आले, तेही राखीव जागेवरून नाही, सर्वसाधारण जागेवरून. पडलेला उमेदवार काँग्रेसचा, नामांकित सवर्ण घराण्यातला होता. काही काळ ते बोस बंधूंच्या जवळ होते. हा भाग मेसेजवाले सांगत नाहीत, कारण मग मंडल जन्मापासून 'लीगचा माणूस' ठरत नाहीत.

आता खरा प्रश्न. ते लीगसोबत का गेले? १९४३ साली ख्वाजा नाझिमुद्दीन यांना सरकार बनवायचं होतं आणि मंडलांच्या मागे अनुसूचित जातीचे २१ आमदार होते. त्यांनी पाठिंबा दिला तो तीन अटींवर. मंत्रिमंडळात अनुसूचित जातीचे तीन मंत्री, आमच्या पोरांच्या शिक्षणासाठी दर वर्षी पाच लाख रुपये, आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची विनाशर्त अंमलबजावणी. १९४३ चे पाच लाख! मंडलांकडे सहकार आणि ग्रामीण कर्जबाजारीपणाचं खातं आलं. त्यामागचं त्यांचं गणितही साधं होतं. पूर्व बंगालातला मुसलमान बहुतेक कूळ नाहीतर मजूर, नमःशूद्रही तेच. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू. ज्याच्या पोटाचा प्रश्न आपल्यासारखा, त्याच्यासोबत बसायचं. आमच्या समाजशास्त्राच्या वर्गात हे वर्गीय विश्लेषण म्हणून शिकवतात, मंडलांनी केलं की ती गद्दारी होते.

मित्रांनो, इथपर्यंत आम्ही मंडलांच्या बाजूने ठाम आहोत. पुढचं मात्र तितक्या ठामपणे सांगता येत नाही.

१९४६ मध्ये ते सुऱ्हावर्दींच्या सरकारात मंत्री झाले. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तली झाल्या. राजीनामा द्या म्हणून दबाव आला, धमक्यांची पत्रं आली, ते हलले नाहीत. ऑक्टोबरमध्ये लीगने आपल्या कोट्यातून त्यांना दिल्लीच्या हंगामी सरकारात पाठवलं. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. पद वाढत गेलं, पण १९४३ चे ते २१ आमदार कुठे होते? अटी कुठे होत्या? कराचीत मंडलांकडे खुर्ची होती आणि ती दुसऱ्याच्या मर्जीवर होती. बाबासाहेबांनी तर नोव्हेंबर १९४७ मध्येच पाकिस्तानातल्या आपल्या माणसांना भारतात येण्याचं जाहीर आवाहन केलं होतं, लीगवर विश्वास ठेवू नका म्हणून बजावलं होतं. मंडल थांबले. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावात पोलिसांनी नमःशूद्रांची घरं उद्ध्वस्त केली, पाठोपाठ १९५० च्या दंगली झाल्या, आणि कायदामंत्री गावोगाव फिरून फक्त नोंदी घेऊ शकत होता. ८ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्त्याहून त्यांनी लियाकत अलींना लांबलचक राजीनामा लिहिला. जी चूक झाली ती इथे झाली, असं आमचं मत आहे. १९४३ च्या युतीत नव्हे, तर संख्याबळ हातून गेल्यावरही पदावर राहण्यात.

तो राजीनामा आज मोठ्या प्रेमाने फॉरवर्ड करणाऱ्यांना एक विचारा. मंडल परत आले तेव्हा त्यांना मिठी कोणी मारली? त्यांना 'जोगेन अली मुल्ला' म्हणून हिणवलं गेलं. निर्वासितांच्या छावण्यांत ते काम करत राहिले, निवडणुका लढले, एकही जिंकू शकले नाहीत. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले.

आणि ती माणसं? बारिसाल-खुलन्यातून आलेल्या नमःशूद्रांना बंगालच्या छावण्यांतून उचलून दंडकारण्यात आणि आसपासच्या जंगलात वसवण्यात आलं. त्यातले काही आपल्या महाराष्ट्रात आहेत, गडचिरोलीत, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत. तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त आम्ही तिथल्या एका वस्तीत दोन दिवस राहिलो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायचे होते. जातीचा रकाना आला आणि पोरं थांबली. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत ते नाहीत. ज्यांच्या आमदाराने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं, त्यांच्या नातवंडांना त्या संविधानातली सवलत इथे मिळत नाही.

रात्री एका म्हाताऱ्या आजोबांना आम्ही मंडलांचं नाव सांगितलं. मोडक्या मराठीत ते म्हणाले, "जोगेनबाबू? आमच्या गावाकडचे." मग बराच वेळ बंगालीत सुनेशी बोलत राहिले. आम्हाला त्यातलं फक्त 'बारिसाल' कळलं. सकाळी निघताना सुनेने राहिलेले सहा अर्ज आमच्या हातात दिले. जातीचा रकाना कोराच होता.