नवतप्यातली बाटली

2022 च्या मे महिन्यात, नवतपा लागला त्याच आठवड्यात, मी साडेतीन हजारांची वाईन विकत घेतली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. एवढी महाग बाटली त्याआधी घरात कधी आली नव्हती. फ्रान्सची, बोर्दोची लाल वाईन. दुकानातल्या मुलाने स्टुलावर चढून पत्र्याजवळच्या फळीवरून ती काढली आणि धूळ पुसून दिली. घरी बूच काढायला गेले, तर ते तोंडातून थोडं वर आलेलं आणि कडेने चिकट. चव मनुका उकळलेल्या पाण्यासारखी. ह्यांनी दोन घोट घेतले आणि काही न बोलता पेला बाजूला ठेवला.

मी कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे काय घडलं ते लगेच कळलं. उन्हाने वाईन फुगते आणि बूच वर ढकलते. रात्री निवली की आत हवा ओढली जाते, आणि पुढचं काम ऑक्सिजन करतो. वाईन 12 ते 15 अंशांत राहावी लागते. आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त. ती बाटली फ्रान्समध्ये चांगलीच असणार. ती मेली नागपुरात, फळीवर उभ्या उभ्या.

पैशांचा हिशोब मांडला तेव्हा आणखी वाईट वाटलं. परदेशी वाईनवर तेव्हा 150 टक्के आयातशुल्क होतं. बंदरात 500 रुपयांना उतरलेली बाटली तिथेच 1250 ची होते. त्यावर राज्याचा कर, आयातदार, वितरक, दुकानदार. म्हणजे साडेतीन हजारांतला थोडासाच भाग त्या द्राक्षांचा होता. त्याच वर्षी 29 डिसेंबरला ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला आणि तिथल्या वाईनवरचं शुल्क उतरलं, पण निदान पाच डॉलर किमतीच्या बाटलीपासून पुढेच. त्याहून स्वस्त, साध्या वाईनला सवलत नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या हाताशी येईल तीच नेमकी बाहेर राहिली, हे मला आजही पटत नाही.

स्वस्त आणि चांगली वाईन असते, हे मला लेकीने दाखवलं होतं. 2018 मध्ये तिच्याकडे कॅलिफोर्नियाला गेलो, तेव्हा ती आम्हाला ट्रेडर जोज् नावाच्या किराणा दुकानात घेऊन गेली. तांदूळ, दही, भाजी आणि शेजारच्या फळीवर वाईन. तिथे चार्ल्स शॉ नावाची एक वाईन आहे. 2002 मध्ये ती दोन डॉलरला एक पेनी कमी या किमतीत आली, म्हणून लोक तिला ‘टू बक चक’ म्हणू लागले. मी ती उचलली, तर लेक म्हणाली, “आई, नुसती किंमत बघू नकोस. नावाचे पैसे कुठे लागत नाहीत ते बघ.” आणि तिने पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली नऊ डॉलरची लाल वाईन हातात दिली. पोर्ट ज्या द्राक्षांची करतात, त्याच द्राक्षांची. पण पोर्टइतकं नाव नाही, म्हणून स्वस्त.

तिचं ते वाक्य धरून मी पुढे बरंच वाचलं. चिलीत कार्मेनेर नावाचं द्राक्ष लोक शंभरावर वर्षं मेर्लो समजून लावत होते. 1994 मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने ते वेगळं ओळखलं. पण मला खरा जीव लागला तो शेनिन ब्लांचा. मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं हे पांढरं द्राक्ष. दक्षिण आफ्रिकेत ते ‘स्टीन’ नावाने वाढलं. भरघोस येतं म्हणून तिथे त्याची ब्रँडी गाळत. आज जगात सर्वांत जास्त शेनिन तिथेच आहे, आणि त्या जुन्या वेलींची वाईन उत्तम निघते. उन्हातही ते आपला आंबटपणा सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. नाशिकला सुलाने 2000 मध्ये पहिली वाईन काढली, तेव्हा त्यात शेनिन होतंच.

2023 च्या जानेवारीत लेक आली. विमानातून माणशी दोन लिटर आणता येते, म्हणून दोन बाटल्या आणल्या: तीच डोरो आणि दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशची शेनिन. मी नाशिकची शेनिन, अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे आणि चिलीची कार्मेनेर घेतली. पाचही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे घातले आणि भिशीच्या मैत्रिणींना बोलावलं. जेवायला सावजी मटण, तर्रीसकट.

सावजीने सगळा निकालच फिरवला. जेवणाआधी सगळ्यांनी डोरोला पहिला नंबर दिला होता. पहिल्या घासानंतर तीच कडू आणि जाळणारी लागली. लाल वाईनमधलं टॅनिन आणि मद्यार्क तिखटाला आणखी चेतवतात. थंडगार, किंचित गोडसर नाशिकच्या शेनिनने मात्र जीभ शांत केली. सहा जणींपैकी चौघींनी तिला कौल दिला. मी घेतलेल्या तिन्हींत सर्वांत स्वस्त तीच, हजाराच्या आतली. स्टेलनबॉशची एकटी पिऊन पाहिली तर अधिक खोल होती, हेही प्रामाणिकपणे सांगते. तिसरा नंबर सांजोवेझेचा, तोही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यावर. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली. आपल्या खोलीत ती कोमटच लागते.

माझं माहेर वर्ध्याचं. तिथे दारूबंदी आहे, त्यामुळे माहेरी जाताना बाटली पिशवीत नसते, आणि गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यात हे असंच असावं असं मलाही वाटतं. पण जिथे विक्री होते, तिथे तरी नीट व्हावी. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन ठेवू देण्याचा निर्णय सरकारने घेतला, मोठा विरोध झाला, आणि तो मागे पडला. दोन्हीकडची बाजू मी वाचली. वाईन थंड जागेत ठेवण्याबद्दल त्यात मला एक ओळही दिसली नाही.

आता मी दुसऱ्या एका दुकानात जाते. पहिल्या दिवशी तिथले काका म्हणाले, “ताई, वाईन शॉपात येऊन वाईन कोण मागते? सारे व्हिस्कीच मागतात.” मी त्यांना त्या वर आलेल्या बुचाची गोष्ट सांगितली. पुढच्या खेपेला त्यांनी बाटल्या खाली, भिंतीच्या सावलीत आडव्या ठेवल्या होत्या.

नाशिकला द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. लेबलवर तोडणीचं साल बघा, पांढरी वाईन ताजी घ्या, आणि नागपुरात असाल तर दुकानदाराला किमतीआधी एवढं विचारा: पेटी दसऱ्यानंतर आली का?